परक्याचे कुलूप

सायंकाळी शाळेतून घरी परतावे आणि पाहावे तो काय, आपल्याच दाराला परक्याचे कुलूप! आतील भांडीकुंडी, धान्य, पुस्तके, आजोबांचे छायाचित्र, सारे जागच्या जागी आहे. चोराने एक चमचाही नेलेला नाही. परंतु किल्ली त्याच्या खिशात आहे आणि दारावर त्याने चिठ्ठी लावली आहे : 'पैसे द्या, मग किल्ली मिळेल.' 'चोर तो चोर, वर शिरजोर' म्हणतात तो हाच प्रकार! संगणकाच्या जगात असा उपद्रव करणाऱ्या आज्ञावलीला रॅन्समवेअर म्हणतात. आपण तिला खंडणीखोर आज्ञावली म्हणू.

ही आज्ञावली बहुधा वेष पालटून येते. कधी ती अनोळखी ईमेलला जोडलेल्या कागदपत्रात दडलेली असते, कधी फुकट मिळालेल्या चोरट्या खेळात, तर कधी कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये. संगणकातील जुन्या उणिवा वेळीच दुरुस्त केल्या नाहीत, तर त्या फटीतूनही ती शिरते. आत आल्यावर ती गाजावाजा करीत नाही. मुकाट्याने एकेक फाइल शोधते आणि तिच्यातील मजकूर सांकेतिक लिपीत बदलून टाकते.

मुलांनो, खेळताना तुम्ही अशी लिपी योजिली असेल. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील पुढचे अक्षर लिहिले, की 'कमल' या शब्दाचा 'खयव' होतो. ज्याला नियम ठाऊक, त्यालाच अर्थ लागतो. संगणकाचा नियम मात्र इतका गुंतागुंतीचा असतो, की त्याची किल्ली तर्काने शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते. ही विद्या मुळात वाईट नव्हे. बँकेचे व्यवहार तिच्याच बळावर सुरक्षित राहतात. शस्त्र तेच, पण हात दुष्टाचा! सर्व फाइली कुलूपबंद झाल्या, की पडद्यावर खंडणीची मागणी झळकते.

याचे एक बोलके उदाहरण पाहू. दिनांक २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशातून एक भयंकर आज्ञावली जगभर पसरली. तिला पुढे नॉटपेट्या असे नाव पडले. त्या देशात हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका विश्वासू आज्ञावलीच्या सुधारणेबरोबर ती संगणकांत शिरली. अनेक पडद्यांवर 'दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका' अशा अर्थाची सूचना दिसत होती. प्रत्यक्षात त्याच वेळी आत नाश चालला होता! मग तीनशे डॉलरची मागणी झळकली.

डेन्मार्कमधील मर्स्क ही जहाजवाहतुकीची बलाढ्य कंपनी या तडाख्यात सापडली. निरनिराळ्या देशांतील तिच्या बंदरांवरचे काम खोळंबले. आपल्या रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील एक मालधक्का याच उद्योगसमूहाकडे होता. त्याचेही कामकाज विस्कळीत झाले. कोठे युक्रेन आणि कोठे न्हावा-शेवा! पण संगणकांच्या जाळ्याला अंतर कसले?

आता खरी गंमत ऐका. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकात प्रवेश आहे, याची नोंदवही कंपनीने सुमारे दीडशे संगणकांवर ठेविली होती. एक बिघडला तर दुसरा आहेच, असा भरवसा होता. परंतु ते सारे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकदमच नष्ट झाले. केवळ एक वाचला, तो आफ्रिकेतील घाना देशात! हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून सुटा राहिला. त्यावरील नोंदी तारेवरून पाठविण्यास अनेक दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांपाशी इंग्लंडला जाण्याचा परवाना नव्हता. तेव्हा एकाने विमानाने नायजेरिया गाठले आणि ती मोलाची डिस्क विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली. तो ती घेऊन लंडनला गेला. तिच्या आधारे कामाची घडी पुन्हा बसू लागली. सुमारे दहा दिवसांत चार हजार मोठे आणि पंचेचाळीस हजार साधे संगणक नव्याने सज्ज करण्यात आले.

खंडणी दिली असती तर? काही उपयोग झाला नसता. नॉटपेट्याने खंडणीखोराचे केवळ सोंग घेतले होते. तिने लावलेल्या कुलुपाची किल्ली तिच्या कर्त्यांपाशीही नव्हती! इतर खंडणीखोर कधी किल्ली देतात, कधी पैसे घेऊन गप्प बसतात. चोराच्या वचनावर कोणी विसंबावे? शिवाय दिलेल्या प्रत्येक पैशाने पुढच्या चोरीला बळ मिळते.

मग संकट आले तर काय करावे? प्रथम तो संगणक जाळ्यापासून तोडावा. तार काढावी, वायफाय बंद करावे, म्हणजे शेजारचे संगणक वाचतील. त्याला दुसरा पेनड्राइव्ह मुळीच जोडू नये. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्यावे. आपल्या हातून चूक झाली असली, तरी भीतीने लपवू नये. आईवडिलांना किंवा गुरुजींना तत्काळ सांगावे. वडील माणसे १९३० या दूरध्वनी क्रमांकावर पोलिसांकडे तक्रार नोंदवू शकतात. नंतर जाणकाराने विषाणुरोधक आज्ञावलीने संगणक तपासावा किंवा सर्व पुसून तो नव्याने सिद्ध करावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. चोराला घराबाहेर काढले, म्हणून त्याने लावलेले कुलूप उघडत नाही. आज्ञावली निघून गेली, तरी फाइली कुलूपबंदच राहतात. काही कुलुपांच्या किल्ल्या तज्ज्ञांनी शोधल्या आहेत. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणकसुरक्षा कंपन्या यांनी २०१६ साली 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम आरंभिला. त्याद्वारे अशा किल्ल्या विनामूल्य मिळतात. पण प्रत्येक कुलुपाची किल्ली तेथे असेलच असे नाही.

खात्रीचा उपाय एकच : महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीच काढून ठेवावी. मात्र ती संगणकाला सदैव जोडलेली असू नये. दीडशे जोडलेल्या प्रतींनी जे साधले नाही, ते एका सुट्या प्रतीने साधले. घानातील ती प्रत दैवयोगाने वाचली. आपली प्रत आपण विचारपूर्वक वाचवावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ? ज्याने आपली प्रत निराळी जपून ठेविली आहे, त्याला चोराच्या किल्लीची गरजच काय?

स्वाध्याय

१. खंडणीखोर आज्ञावली संगणकात कोणकोणत्या मार्गांनी शिरते?
२. दीडशे प्रती असूनही कंपनी संकटात का सापडली?
३. 'चोराला बाहेर काढले, म्हणून कुलूप उघडत नाही.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : तडाख्यात सापडणे, घडी बसणे, सोंग घेणे.
५. पाठात सांगितलेल्या सांकेतिक लिपीत 'कमळ' हा शब्द कसा लिहाल?