घोड्याचा रंग : पारख आणि आनुवंशिकता

येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार आपल्या नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस नवा नाहीं. दसऱ्याच्या सुमारास तेथें जी गर्दी लोटते, तींत जनावराचे पाय, दांत व चाल पाहणारे थोडे आणि रंगावर भाळणारे फार. रंगावर किंमत ठरते हें खरें आहे. म्हणूनच रंगाची पारख शास्त्राला धरून असावी. प्रस्तुत लेखकानें एकदां काळेंभोर म्हणून घेतलेलें शिंगरूं पांच वर्षांत पांढुरकें झालें. विकणारानें लबाडी केली कीं त्यासही ठाऊक नव्हतें, हें आतां सांगवत नाहीं. पण त्याच्या डोळ्यांभोंवतीं तुरळक पांढरे केस होते, ते मीं पाहूनही मनावर घेतले नाहींत. आणि त्याची आई पाहण्याचा आग्रह तर धरलाच नाहीं. ती सब्जा होती, हें पुढें कळलें.

प्रथम नांवांचा उलगडा करूं. सर्वांगानें काळा तो मुश्की. अंग तांबूस-पिंगट, पण आयाळ, शेपटी व पायांचा खालचा भाग काळा, तो कुमाईत. त्यांतील गडद तो तेल्या कुमाईत. अंग तांबडें आणि आयाळही तांबडी, तो सुरंग. सोनेरी अंग व काळी आयाळ असलेला समंद, पांढऱ्यावर निळसर झांक मारणारा सब्जा, पांढरे व रंगीत मोठे पट्टे मिसळलेला अबलख, आणि गुलाबी कातडीचा पांढरा तो नुकरा. पंचकल्याणी हा रंगच नव्हे. तोंडावरील पांढरा पट्टा व चार पांढरे पाय यांची ती खूण आहे, व ती कुमाईतावरही असते, मुश्कीवरही असते. असलीं नांवें ठेवण्याची हौस फार जुनी आहे. बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणि कोशांतही रंगावरून घोड्यांचीं नांवें दिलेलीं आहेत. मात्र आपल्याकडे गांव बदललें कीं शब्दाचा अर्थ थोडा सरकतो. याकरितां सौद्याच्या कागदांत नुसतें नांव न लिहितां आयाळ, शेपटी, पाय, कातडी व डोळे यांचा रंग निरनिराळा लिहून घ्यावा.

आतां हे रंग येतात कोठून? घोड्याच्या केसांत मूळ रंगद्रव्यें दोनच, काळें व तांबडें. काळें द्रव्य तयार करण्याची मुभा देणारें एक जनुक आहे. शिंगरास प्रत्येक जनुकाची एक प्रत बापाकडून व एक आईकडून मिळते. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या कीं काळें द्रव्य केसांत उतरत नाहीं व जनावर सुरंग होतें; हा बिघाड 1996 सालीं ओळखला गेला. यावरून दोन गोष्टी निघतात. सुरंग घोडा व सुरंग घोडी यांचें शिंगरूं कुमाईत किंवा मुश्की निघालें, तर बाप दुसरा आहे असें खुशाल समजावें. उलट, कुमाईत जोडीस सुरंग शिंगरूं झालें म्हणून कोणावर आळ घेऊं नये. दोघांतही एकेक बिघडलेली प्रत दडलेली असल्यास चारांत एक या प्रमाणानें तें होणारच. (चारांत एक याचा अर्थ चौथ्या वेतास हमखास, असा नव्हे. अशी समजूत करून घेतलेले गृहस्थ मला भेटले आहेत.)

दुसरें जनुक काळ्या द्रव्यास आयाळ, शेपटी व पाय एवढ्यांतच कोंडतें. त्याची एक चांगली प्रत असली तरी मुश्कीचा कुमाईत होतो. सुरंगांत काळें द्रव्यच नसल्यानें हें जनुक त्यांत दिसत नाहीं, पण असूं शकतें. म्हणून मुश्की घोडा सुरंग घोडीस दाखविल्यावर मुश्कीच होईल अशी पैज कोणी मारूं नये.

सब्जाची गोष्ट निराळी. तो जन्मतः काळा, कुमाईत वा सुरंग असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. कातडी मात्र काळीच राहते. एका जनुकाचा तुकडा दुबार झाल्यानें हें घडतें, असें 2008 सालीं सिद्ध झालें. एकच प्रत पुरते, म्हणून सब्जा शिंगराच्या आईबापांपैकीं एक तरी सब्जा असतोच. याच बदलामुळें त्वचेंत काळ्या गांठी होण्याचा संभव वाढतो. पंधरा वर्षांवरील सब्जांपैकीं शेंकडा 70 हून अधिक जनावरांत त्या आढळतात. घेतांना शेपटी उचलून खालची बाजू व ओठ बोटांनीं चाचपावे.

लग्नाच्या वरातीमुळें नुकऱ्यास भाव फार, व जास्तींत जास्त फसगत येथेंच होते. गुलाबी कातडी व निळे डोळे असलेलें फिकें जनावर पुष्कळदां रंग फिका करणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रतींमुळें झालेलें असतें. अशा घोड्यापासून सुरंग घोडीस सोनेरी अंगाचें व फिक्या आयाळीचें शिंगरूं होईल, शुद्ध कुमाईत घोडीस समंद होईल. पांढरें होणार नाहीं. त्या आशेनें भारी दर देणें व्यर्थ होय. पांढरेपणाचें दुसरें कारण म्हणजे रंगपेशींची वाढच रोखणारीं जनुकें. त्यांपैकीं कांहींची एकच प्रत पांढरेपणास पुरते. अमेरिकेंतील कांहीं जातींच्या अबलखांत असा एक बदल आहे कीं त्याच्या दोन प्रती आलेलें पांढरें शिंगरूं आंतड्यांच्या मज्जातंतूंअभावीं कांहीं दिवसांतच मरतें. परदेशी रक्ताचा अबलख घोडा घोडीस दाखविण्यापूर्वीं ही चौकशी अवश्य करावी.

आपली भीमथडी काटकपणाबद्दल नांवाजली, रंगाबद्दल नव्हे. तिच्या पैदाशींत रंगापायीं चांगले पाय व छाती गमावूं नयेत.

बाजारांत रंगविलेलें जनावरही येतें. ओल्या पांढऱ्या फडक्यानें मान व पाय घासून पाहावे, आणि केस उलटे फिरवून मुळाशीं रंग तोच आहे कीं नाहीं हें उन्हांत पाहावें. पैदाशीचा घोडा घेतांना शंका उरली तर आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून, हातांनीं मुळें न चोळतां, कोरड्या कागदी पाकिटांत प्रयोगशाळेकडे पाठवावे. कापलेले केस उपयोगी पडत नाहींत.