आपला हात : कामगार वस्तीतल्या मुलांसाठी एक पाठ



अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या वर्गात अशी मुलं असतात, ज्यांचे आईवडील एमआयडीसीत पत्रा, सळई, अँगल किंवा पॉवर प्रेसवर काम करतात. परिसर अभ्यासात आपण ‘आपले शरीर’ शिकवतो, ‘आपले व्यवसाय’ही शिकवतो. पण या दोन्हींच्या मध्ये असलेला ‘कामावरचा हात’ राहून जातो. इयत्ता चौथी-पाचवीसाठी मी घेतलेला हा पाठ तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून देत आहे.

१. हात समजून घेऊ

एका हातात २७ हाडं असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांमध्ये १४. अंगठा इतर चारही बोटांसमोर येतो, म्हणून आपल्याला वस्तू पकडता येते. मुलांचा अंगठा रुमालाने तळहाताला सैल बांधा आणि शर्टाचं बटण लावायला, पेन्सिलीने नाव लिहायला सांगा. दोन मिनिटांत त्यांना अंगठ्याची किंमत कळते. कायद्यालाही ती ठाऊक होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरलं होतं, एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के.

२. वजनाचं गणित

एक लिटर पाण्याचं वजन १ किलो. तेवढ्याच आकाराच्या पोलादाचं वजन जवळजवळ ७.८५ किलो! म्हणजे १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि फक्त १ मिलिमीटर जाड पत्रा ७.८५ किलोचा. बाजारातला ८ फूट बाय ४ फुटांचा १ मिलिमीटरचा पत्रा साधारण २३ किलो भरतो. तोच ३ मिलिमीटर जाड असेल तर? मुलांनी गुणाकार केला, उत्तर आलं सुमारे ७० किलो. एक मुलगा म्हणाला, “सर, हे तर माझ्या पप्पांपेक्षा जड!” पत्रा दिसायला पातळ असतो, म्हणून फसगत होते.

३. दुखापत कशी होते?

जड वस्तू खाली ठेवताना बोट तिच्याखाली सापडतं. म्हणून आधी लाकडी ठोकळे ठेवावेत, त्यावर माल टेकवावा, म्हणजे बोटं काढायला जागा राहते. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, तिथे जाड हातमोजे हवेतच. पण फिरत्या ड्रिलवर किंवा लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हातही ओढला जातो. हा फरक मुलांना नीट समजावा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतील आणि दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसेल, तर हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. काम लवकर उरकावं म्हणून एक बटण बांधून ठेवलं की ही सगळी सोय वाया जाते.

४. अपघात झालाच तर

स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. सूज येण्याआधी अंगठी काढा. घुसलेला तुकडा उपटू नका. हळद, चहा पावडर लावू नका. बोट तुटलं असेल तर ते टाकून देऊ नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. १०८ ला फोन करा. लवकर पोचलं तर बोट जोडण्याची शक्यता राहते.

५. पालकांसाठी दोन शब्द

पगारातून ईएसआयसीची कपात होत असेल तर आपलं कार्ड घरात सगळ्यांना माहीत असू द्या. या योजनेत कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी नोकरीला किती दिवस झाले ही अट नाही. मात्र अपघाताची नोंद त्याच दिवशी लेखी करून घ्या. “घरी लागलं म्हणून सांग” असं कोणी म्हटलं तरी डॉक्टरांना खरंच सांगा. हक्क त्या एका वाक्यावर टिकतो.

६. गृहपाठ

आई किंवा बाबांचा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढायची आणि त्या हाताने दिवसभरात केलेली पाच कामं लिहायची. माझ्या वर्गात एका मुलीच्या कागदावर साडेतीनच बोटं होती. तिने खाली लिहिलं होतं, “बाबा याच हाताने माझी वेणी घालतात.” असे कागद येणार हे धरून चला. वर्गात सगळ्यांसमोर विचारपूस नको, हसणं तर नकोच. कागद इतरांच्या बरोबरीनेच भिंतीवर लावा.

एक विनंती. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे. सुट्टीत “जरा मदतीला” म्हणून कोणी मुलाला गाळ्यावर नेत असेल, तर त्या पालकांशी शांतपणे बोला. मुलांचे हात अजून वाढताहेत.

पाठ घेऊन पाहा, तुमच्या वर्गातले अनुभव नक्की कळवा.