शेडमधल्या सॉकेटमागे काय आहे?

हैदराबादच्या नारायणगुड्यात भाड्याचा पोर्शन बघायला गेलेला माणूस नळाला मंजिराचं पाणी किती वेळ येतं, बोअर आहे का, गाडी कुठे लावायची, हे सगळं विचारतो. गाडीशेडमधल्या सॉकेटची चौकशी कोणी करत नाही.

आमच्या शेडमध्ये असा एक सॉकेट होता आणि तो वापरायला घरमालकांची ना नव्हती. घरात जागा नसल्याने जुना फ्रीज तिथे गेला, मागोमाग वॉशिंग मशीन, आणि पुढे मुलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर. एका संध्याकाळी शेडमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. प्लगला हात लावला तर चटका बसला. सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. एमसीबी मात्र पडला नव्हता.

वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा उलगडा झाला. सॉकेटला ट्यूबलाइटच्या बारीक वायरीतून फाटा दिलेला, आतला स्क्रू ढिला आणि वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नाही.

एमसीबी का पडला नाही, हे समजून घ्यायला हवं. तो मर्यादेबाहेरचा करंट ओळखतो. ढिल्या जोडावर नेहमीच्या करंटनेही उष्णता साठते आणि ती त्याला कळत नाही. शिवाय थोडा जादा भार तो बराच वेळ सोसतो: १० अँपिअरचा एमसीबी साडेचौदा अँपिअरवर पडायला तासभरही घेऊ शकतो. तेवढ्या वेळात आमच्यासारख्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. पाणी तापवणारं वॉशिंग मशीन एकटंच २,००० वॅटच्या आसपास घेतं. फ्रीजचे वॅट कमी असले तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो. मल्टिप्लग लावला की भोकं वाढतात, भिंतीतली वायर तेवढीच राहते.

म्हणून शेडमध्ये काही लावण्याआधी परवानाधारक वायरमनकडून चार गोष्टी तपासून घ्या. सॉकेट कोणत्या मीटरवर आहे? मीटरबोर्डापासून त्याला स्वतंत्र लाइन आहे का? जड उपकरणासाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का? आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? शॉक लागताना जीव वाचवतो तो हाच. एमसीबीचं ते काम नाही. पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरत असेल तर सॉकेट कमरेच्या वर हवा. एक्स्टेंशन बोर्ड फ्रीजसाठी कायमचा लावू नये.

स्कूटरच्या बाबतीत जास्तच जपा. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादच्या रुबी लॉजखालच्या इलेक्ट्रिक स्कूटर शोरूममध्ये आग लागली. धूर जिन्यातून वर चढला आणि वरच्या मजल्यांवरचे आठ लोक दगावले. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको, कंपनीचाच चार्जर वापरा, आणि रात्रभर लावून झोपू नका.

राहिला व्यवहार. स्वतंत्र लाइन ओढणं घरमालकाचं काम. पण परवानगी, खर्च आणि सब-मीटरचं रीडिंग भाडेकरारात लिहून घेतलेलं बरं. कॉमन मीटरवर फ्रीज चालवला तर बिलावरून शेजाऱ्यांशी कुरबुर ठरलेली. बिलावरचा मंजूर भारही बघा. तो पुरत नसेल तर वीज कंपनीकडे वाढवून घ्यावा लागतो.

घरमालक लाइन बदलायला तयार नसतील तर त्या सॉकेटवर एक दिवा किंवा मोबाइलचा चार्जर, एवढंच चालवा. जुना फ्रीज विकून टाका.