फोटो काढण्याआधी : सडा, पुळण आणि बंद घर



आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाईल आहे, त्यामुळे फोटो काढणं सोपं झालंय. पण फोटो काढण्याआधी नीट बघणं, थांबणं आणि विचारणं हे मात्र शिकावं लागतं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हे शिकायला तीन चांगल्या जागा आहेत. गावाबाहेरचा सडा, समुद्राची पुळण आणि कुलूप लागलेलं घर. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. आपण ज्याचा फोटो काढतो, ते आपल्याला 'नको' असं बोलून सांगू शकत नाही. म्हणून त्याची काळजी फोटो काढणाऱ्यानेच घ्यायची असते.

१) सड्यावरची कातळशिल्पे

जांभ्या दगडाचं उघडं पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात तो अगदी ओसाड दिसतो. पण उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे अशा गावांच्या सड्यांवर माणसं, प्राणी, मासे आणि भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. कशेळीचा हत्ती अंदाजे 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे. आपले दोन वर्ग एकमेकांना जोडले तरी तो त्यात मावणार नाही! त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला.

ही शिल्पं जगासमोर कशी आली? रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी सडे पायी तुडवत गावोगाव फिरले. लोक त्यांना फोटो पाठवू लागले. त्यांनी शाळांचीही मदत घेतली. मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारायचं, की सड्यावर कुठे चित्रं बघितली आहेत का? म्हणजे बघा, तुमच्याएवढ्या मुलांचा एक प्रश्न आणि एखादा साधा फोटोसुद्धा इतिहासाच्या कामी येतो.

आता फोटोचं तंत्र समजून घेऊ. भर दुपारी बारा वाजता ऊन डोक्यावरून पडतं. खोदलेल्या रेषेत सावली पडत नाही आणि चित्र जणू गायब होतं. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधी ऊन तिरकं येतं. तेव्हा प्रत्येक चरीच्या एका काठाची सावली पडते आणि हत्ती, मासा, माणूस आपोआप उठून दिसतो. म्हणून रेषा दिसत नाहीत म्हणून त्यात खडू, चुना किंवा रंग भरू नका. चित्रावर बूट घालून उभंही राहू नका. आधी लांबून पूर्ण चित्राचा फोटो काढा, मग जवळून एकेका भागाचा. शेजारी फूटपट्टी ठेवली तर आकार कळतो. वहीत गाव, तारीख आणि वेळ लिहा. ही नोंद नसेल तर चांगला फोटोसुद्धा पुढे निरुपयोगी ठरतो. सड्यावर चिरेखाणी आहेत, रस्तेही होतात. उद्या एखादं शिल्प नष्ट झालं, तर तिथे काय होतं हे सांगायला तुमची नोंदच उरेल.

२) त्याच सड्यावरची टिटवी

टिटवी घरटं झाडावर बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते, साधारण चार. अंड्यांचा रंग दगडमातीसारखाच असतो, त्यामुळे ती पटकन दिसत नाहीत. आपण जवळ गेलो की टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागते. पुष्कळांना वाटतं, वा, उडत्या पक्ष्याचा छान फोटो मिळाला! पण ती 'मागे फिर' असं सांगत असते.

कडक उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. आपण फोटोसाठी तिला तिथून लांब ठेवलं, तर तापलेल्या कातळावर अंड्यांचं काय होईल? विचार करा. पक्षी ओरडला की आल्या वाटेने मागे फिरायचं. आणि घरट्याचा नेमका ठिकाणा ग्रुपवर टाकायचा नाही.

३) वेळासची कासवं

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. रात्री समुद्राकडचं क्षितिज जास्त उजळ असतं, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं. बॅटरी किंवा फ्लॅश पेटवला, तर ते वाट चुकू शकतं. म्हणून फ्लॅश बंद ठेवायचा. दोरीच्या अलीकडेच थांबायचं. सकाळ-संध्याकाळच्या मऊ उजेडात खाली बसून पिल्लाच्या उंचीवरून फोटो घ्यायचा. पिल्लू हातात धरून सेल्फी तर अजिबात नाही.

४) कुलूप लागलेलं घर

कोकणातल्या बहुतेक वाड्यांत अशी घरं आहेत. माणसं मुंबईला, घर वर्षभर बंद, आणि गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी आले की पुन्हा पडवीत दिवा लागतो. काही घरं मात्र कायमचीच मिटली. कौलं घसरलेली, गडगा ढासळलेला, अंगणात तुळशीवृंदावन तेवढं उभं. अशा घराचा फोटो सुंदर येतो, हे खरं आहे. पण ते कुणाचं तरी घर आहे. आधी शेजाऱ्यांना किंवा भाऊबंदांना विचारा. आत जाऊ नका. वासे वाळवीने पोखरलेले असतात, साप-विंचू असतात, परसात उघडी विहीर असू शकते. माळ्यावर गव्हाणी घुबडाने किंवा वटवाघळांनी बिऱ्हाड केलेलं असतं. आपल्यासाठी रिकामं असलेलं घर त्यांच्यासाठी भरलेलं असतं! आणि 'हे घर वर्षभर बंद असतं' असं गावाच्या नावासकट कुठेही टाकू नका, ते वाचून चोरही येऊ शकतो.

थोडक्यात काय, तर चांगला फोटो म्हणजे फक्त सुंदर फोटो नव्हे. तो काढून झाल्यावरही जागा जशी होती तशीच राहिली, तरच तो चांगला.

स्वाध्याय

१) भर दुपारी कातळशिल्पाचा फोटो स्पष्ट का येत नाही?
२) टिटवी अंडी गार कशी ठेवते?
३) कासवाच्या पिल्लांसमोर फ्लॅश का वापरू नये?
४) उपक्रम : घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, 'आपल्या सड्यावर किंवा वाडीत पूर्वी काय होतं, जे आता दिसत नाही?' उत्तर लिहून ठेवा. ती जागा अजून असेल, तर मोठ्यांसोबत जाऊन लांबूनच एक फोटो काढा. खाली गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.