किल्लीचे क्रोनोग्राफ आणि एक मिनिट

माझे वडील इंदूरला वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांच्या मनगटावर रोज किल्ली द्यावे लागणारे एक क्रोनोग्राफ घड्याळ असे. त्याच्या तबकडीच्या कडेला नाडीमापनाची पट्टी होती. बटण दाबावे, तीस ठोके मोजावेत, पुन्हा दाबावे. काटा थांबेल तेथे मिनिटाचे ठोके वाचावेत. तीस ठोक्यांना वीस सेकंद लागले तर काटा नव्वदावर. गुणाकाराची यातायात नाही.

या कुळातील सर्वांत नावाजलेले यंत्र म्हणजे ओमेगाचे ३२१. स्वित्झर्लंडच्या लेमानिया कारखान्यात आल्बेर पिगे यांनी त्याची रचना केली. काळ १९४२ चा. व्यास अवघा २७ मिलिमीटर. त्याचे तोलचक्र सेकंदाला पाच ठोके देते, म्हणून काटा सेकंदाच्या पंचमांशाने सरकतो. बटणाची आज्ञा प्रथम पोहोचते ती स्तंभचक्राकडे. या लहानशा चक्रावर उभे खांब असतात. दर दाबागणिक ते एक घर फिरते. तरफेचे टोक खांबावर टेकले तर एक आज्ञा, दोन खांबांमधील फटीत पडले तर दुसरी. तरफ सरकली की एक दातेरी चाक मधल्या काट्याच्या चाकाला जाऊन भिडते. दाते नेमके जुळले नाहीत तर काटा सुरुवातीलाच किंचित उसळतो. शून्यावर परतण्यासाठी काट्याच्या आसावर हृदयाकृती चकती बसवलेली असते. तिच्यावर हातोडी आपटताच काटा जागेवर येतो. (ही आकृती आपल्या शरीरशास्त्रातील हृदयापेक्षा पत्त्यांतील बदामाला अधिक जवळची!)

हेच यंत्र १९५७ च्या स्पीडमास्टरमध्ये बसले. १९६५ च्या मार्चमध्ये नासाने ते घड्याळ अंतराळयात्रेस पात्र ठरवले आणि १९६९ साली ऑल्ड्रिन यांच्या मनगटावरून ते चंद्रभूमीवर उतरले. दरम्यान १९६८ मध्ये ८६१ ही सुधारित आवृत्ती आली होती. तिच्यात स्तंभचक्राऐवजी बनवण्यास सोपा, स्वस्त असा कॅम आला. ठोके सेकंदाला सहा झाले. पुढे १८६१, आणि २०१९ मध्ये चुंबकत्वाला दाद न देणारे ३८६१. संग्राहक आजही स्तंभचक्रासाठी हळहळतात. कॅमचे बटण थोडे राठ लागते हे खरे. पण मोजणीत त्यामुळे काही उणे पडत नाही, असे माझे मत आहे.

मोजणीत उणे पडते ते आपल्याकडून. नोकरीच्या पहिल्या वर्षी सात महिन्यांचे एक बाळ खोकल्यासाठी आले होते. वडिलांचेच घड्याळ हाती होते. पंधरा सेकंदांत मी अकरा श्वास मोजले. चौपट केल्यावर चव्वेचाळीस. या वयात मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास ही जलद श्वसनाची मर्यादा. तेव्हा मी निर्धास्तपणे औषध लिहू लागलो. शेजारच्या ज्येष्ठ परिचारिकेने काही न बोलता बाळाचा अंगरखा वर केला आणि पूर्ण मिनिट मोजले. चोपन्न! क्ष-किरण चित्रात न्यूमोनिया दिसला. बाळ बरे होऊन घरी गेले.

घड्याळाने पंचमांश सेकंदाचीही चूक केली नव्हती. तान्ह्या बाळाचा श्वास मात्र एका लयीत चालत नाही. मध्येच मंदावतो, मध्येच धावतो. पंधरा सेकंदांत एक श्वास निसटला की मिनिटाच्या हिशेबात चार निसटतात. नाडीमापनाची पट्टी समान लय गृहीत धरूनच आखलेली असते.

घड्याळ अजून चालते. सकाळी दवाखान्यात निघताना किल्ली देतो. पट्टी आता मोठ्या मुलांच्या नाडीपुरती; बाळ मांडीवर शांत होईपर्यंत थांबतो, बटण दाबतो आणि काटा पुरा एक फेरा करून येईपर्यंत छातीवरून नजर काढत नाही.