दुखण्याची गोळी, ताकदीची गोळी

परतूरला औषधाच्या दुकानात बसायला लागलो त्याआधी मी प्रयोगशाळेत उंदरांवर वेदनाशामकं तपासायचो. डायक्लोफेनॅकसोबत बी1, बी6, बी12 ही जीवनसत्त्वं दिली तर दुखणं जास्त थांबतं का, हा तिथला प्रश्न होता. इथं कापूस वेचणीच्या दिवसांत वाटूर-आष्टीकडून येणारी माणसं तेच विचारतात: "दुखण्याची गोळी द्या, अन् सोबत ताकदीची बी द्या." दोन्हीकडे जे शिकलो ते असं.

1. मुक्या जीवाचं दुखणं डोळ्यांनी ऐकावं लागतं. पांढऱ्या उंदराच्या पोटात 0.6 टक्के ॲसेटिक ॲसिड टोचलं की थोड्याच वेळात तो पोट आत ओढतो, अंग लांबवतो, मागचे पाय ताणतो. हे पिळे मोजायचे. औषधानं ते कमी झाले तर वेदना कमी झाली असं मानतात. पण गुंगी आणणाऱ्या औषधानंही पिळे कमी होतात, म्हणून दुसरी चाचणी लागतेच. 55 अंशांच्या तापत्या थाळीवर उंदीर पंजा चाटतो किंवा उडी मारतो, तेवढा वेळ नोंदवायचा आणि त्याला तत्काळ उचलायचं. त्यानं काहीच केलं नाही तरी साधारण 15 सेकंदांना उचलायचंच, नाहीतर पंजा भाजतो. घड्याळ हातात घेणाऱ्यानं हा नियम कधीही मोडू नये.

2. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीच्या कागदाला अडचण समजू नका. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1998 साली प्रयोगांचे नियम आले. इतकेच उंदीर का, कमी का नाही, याचं उत्तर संस्थेच्या समितीला आधी द्यावं लागतं. ते द्यायलाच हवं.

3. डायक्लोफेनॅक आणि जीवनसत्त्वांच्या जोडीचा फायदा खरा आहे, पण तो कशासाठी शोधला हे विसरू नये. मेक्सिकोतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की बी1, बी6, बी12 या तीन जीवनसत्त्वांच्या सोबतीनं डायक्लोफेनॅकचा परिणाम वाढतो. ब्राझीलमध्ये कंबरदुखीच्या 372 रुग्णांवरचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांना तीन दिवसांत औषध थांबवण्याइतका आराम पडला, जोडी घेणाऱ्यांपैकी 46.5 टक्क्यांना. म्हणजे खरी कमाई ही की वेदनाशामक कमी लागतं, लवकर सुटतं. कारण पोटात व्रण करणारं आणि मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध तेच. आपल्याकडे मात्र उलटं चालतं. ताकदीची, म्हणजे बी-कॉम्प्लेक्सची गोळी सोबत आहे म्हणून दुखण्याची गोळी महिना-महिना पोटात जाते. उन्हात दिवसभर वाकून काम, पाणी कमी, पोट रिकामं आणि त्यावर डायक्लोफेनॅक. याची मला खरोखर धास्ती वाटते. बी-कॉम्प्लेक्स ना पोटाचं रक्षण करतं, ना मूत्रपिंडाचं.

4. उंदराचा डोस माणसाला तसाच लावता येत नाही. उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम बी6 दिलं, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं माणसाला ते किलोमागे साधारण 8 मिलिग्रॅम होतं. 60 किलोच्या माणसाला जवळपास 490 मिलिग्रॅम. इतकं बी6 रोज, फार दिवस घेतलं तर नसांनाच इजा होऊ शकते. हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ज्या तक्रारीवर गोळी सुरू केली, तीच ती गोळी वाढवते.

5. कमतरता असेल तिथं जीवनसत्त्वाचं मोल मोठं आहे. पूर्ण शाकाहारी माणूस, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा माणूस, यांच्यात बी12 कमी पडू शकतं. त्यांनी रक्त तपासून उपचार घ्यावा. बी12 चं लाल इंजेक्शन पाहूनच बरं वाटणाऱ्यांचं मी मन मोडत नाही, पण तपासणी करा असं सांगतोच.

6. जीवनसत्त्वं आणि डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं एकत्र करून बनवलेल्या ठरावीक मिश्रणांवर केंद्र सरकारनं 1983 मध्येच बंदी घातली. पण दोन वेगळ्या पट्ट्या एकाच पुडीत बांधल्या की बंदीचा उद्देश संपतो, आणि ती पुडी बांधणारे हात आम्हा दुकानदारांचे असतात. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही.

7. माणसाचं डायक्लोफेनॅक बैलाला टोचू नका. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत गेली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅमचा पर्याय आहे, तो पशुवैद्यकाला विचारून द्यावा.

8. दुकानात आलात तर तीन गोष्टी आधी सांगा: गोळी किती दिवसांपासून चालू आहे, शुगर-बीपीचं औषध चालू आहे का, आणि पोटात जळजळ किंवा काळी शी होते का. काळी शी होत असेल तर गोळी मागू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.