लेकीची वही

आता तुम्हांला वाचता येऊ लागले. एस.टी.ची पाटी वाचून झाली. दुकानातल्या पुड्यावरचा भाव वाचून झाला. मग आता एक नवे पुस्तक वाचायला घेऊ. ते विकत आणायला नको. ते तुमच्या घरातच आहे, तुमच्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या दप्तरात. त्या पुस्तकाचे नाव वही.

वही आपण रोज पाहतो, पण उघडतो कधी? फाटली म्हणून ओरडायला. नाहीतर पोरगी नवी मागते तेव्हा "जुनी संपली का, दाखव" म्हणायला. आम्हीही पूर्वी शाळेत गेलो की तांबडी शाई कुठे कुठे आहे एवढेच पाहत होतो. वही वाचायला आम्हांला एका बाईने शिकवले.

ही बाई बीड जिल्ह्यातली. आमच्या रात्रीच्या वर्गाला येई. घर ऊसतोडीचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जायचे, पाडव्यानंतर गावी यायचे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, नुकतीच तिसरीतून चौथीत गेलेली. बाईजवळ लिहायला वही नव्हती. म्हणून लेकीच्या तिसरीच्या वहीत मागे कोरी पाने उरली होती, ती ती वापरू लागली. पुढे लेकीची अक्षरे, मागे आईची.

बाईला आकडे आधीपासून येत. उसाच्या टनांचा हिशोब डोक्यात असायचा. अक्षरे जमू लागली तशी एके रात्री तिने वही पुढून चाळली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख होती. ती बोट ठेवून वाचत गेली. एका पानावर होते ७ नोव्हेंबर. पान उलटले. पुढच्या पानावर १२ एप्रिल.

बाई म्हणाली, "ताई, हितं संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा बी गेला. पोरीची मधली पानं कुठं हायेत?"

पाने फाटली नव्हती. ती लिहिलीच गेली नव्हती.

तेव्हा वही हाती घेतली की आधी तारखा वाचा. तारखा म्हणजे हजेरीच. दोन तारखांत मोठे अंतर दिसले तर मुलाला विचारा, गुरुजींना विचारा. आजारपण होते की लग्नसराई, की शेतात हात कमी पडत होते? कारण बहुधा आपल्याला माहीतच असते. पण अंतर किती, ते वहीत दिसते.

मग अक्षरे पाहू. नोव्हेंबरच्या आधीच्या पानांवर अक्षर मोत्यासारखे होते. झाडे आपल्याला प्राणवायू देतात, झाडे तोडू नयेत, असे सगळे शुद्ध. बाईला अभिमान वाटला. आम्ही मुलीला ते पान वाचायला दिले. तिने घडाघडा म्हटले. डोळे मात्र आढ्याकडे! मग आम्ही मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय आहे गं?" मुलगी गप्प. ते पान तिने फळ्यावरून उतरवले होते. उतरवणे वाईट नव्हे, हाताला वळण लागते. पण उतरवलेले म्हणजे आलेले नव्हे. बोटाची ही युक्ती तुम्हीही करून पाहा. त्याला फार शिकलेले असावे लागत नाही.

एप्रिलनंतरचे एक पान मात्र निराळे होते. वर लिहिले होते 'माझे घर'. खाली वाकड्या ओळी:

"आमच घर पाचटाच हाय. ते कारखान्याव हाय. पानी लई लांब हाय. मी भावाला सांबाळती. रातरी थंडी वाजती."

बाईने ते वाचले. अडत अडत, पण सगळे वाचले. मग म्हणाली, "किती चुका केल्या मेलीने!"

आम्हांला ते पटले नाही. हे पान मोत्यासारख्या पानापेक्षा मोलाचे आहे, असे आम्ही म्हणालो आणि आजही म्हणतो. पाहा, मुलीने 'पाणी' न लिहिता 'पानी' लिहिले. का? तिच्या कानांनी घरात तेच ऐकले. ऐकलेला आवाज तिने अक्षरात बरोबर धरला. 'ण' पुस्तकातून येईल, हळूहळू येईल. 'सांभाळते' चे 'सांबाळती' झाले, तेही तसेच. पण मनातले कागदावर उतरवायला धीर लागतो, आणि तो तिला आला होता. गुरुजी जाणते होते. त्यांनी तांबड्या शाईने एकही फुली मारली नव्हती. खाली लिहिले होते, "छान. आणखी सांग."

काही चुकांकडे मात्र लक्ष ठेवावे. तिसरी संपत आली तरी मूल 'भ' आणि 'म' यांत गोंधळते का? 'घ' आणि 'ध' सारखेच काढते का? काना, वेलांटी वाचताना सोडून देते का? तसे असेल तर गुरुजींच्या कानावर घाला. रोज दोन-चार शब्द घेऊन बसा. चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावू नका. हात दुखतो आणि मूल वहीला भिते.

आता चित्राकडे येऊ. आईबाप चित्राचे पान चटकन उलटतात. "चित्रं काढून पोट भरतं का?" असे म्हणतात. पण हातात पेन्सिल नीट धरता येते ती आधी रेघोट्यांनी. लहान मूल भिंतीवर वाटोळे काढते, उभी रेघ ओढते. त्याच वाटोळ्याला उभी दांडी जोडली की 'व' झाला. 'व' च्या पोटात तिरपी रेघ दिली की 'ब' झाला. अक्षराच्या आधी चित्र येते, ते असे.

'माझे घर' या पानासमोर मुलीने चित्रही काढले होते. वर्गातल्या बाकी मुलांनी काढले होते ते तुम्ही पाहिलेले आहे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. बीडच्या पोरांनी नारळाची बाग कुठे पाहिली कोण जाणे! या मुलीने काढली होती कोपी. पाचटाची, तिकोनी. कोपीच्या आतले सगळे बाहेरून दिसत होते. चूल, पाण्याची घागर, झोपलेला धाकटा भाऊ. शेजारी टायरगाडी, तिची दोन्ही चाके एकाच बाजूला. बाप लांब, बोटाएवढा. आणि आई कोपीहून उंच, हातात कोयता.

बाई हसू लागली. "मी एवढी मोठी? मग कोपीत शिरू कशी?"

मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते काढते. कोपीत भाऊ झोपला आहे हे तिला ठाऊक आहे, मग भिंत आड कशी येईल? गाडीला दोन चाके आहेत, मग दोन्ही दिसलीच पाहिजेत. आणि जे माणूस मनाला मोठे, ते कागदावरही मोठे. सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले अशीच चित्रे काढतात, काही त्याहून मोठी झाली तरी काढतात. "हे चुकले, ते पूस" असे म्हणू नका. "हे कोण? हे काय करते आहे?" असे विचारा. मूल बोलू लागते. जे बोलते ते उद्या लिहील.

चित्राला हलके समजणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. ठाणे-पालघरकडच्या वारली बाया लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. तिकोनाला तिकोन जोडला की माणूस झाला. जिव्या सोमा मशे या वारली माणसाने ती कला कागदावर आणली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

पण बाईचा मुख्य प्रश्न तसाच राहिला होता. "मधली पानं गेली खरी. पण पोरगी चवथीत गेली की! मग बिघडलं कुठं?"

बिघडते ते इथेच. चौथीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवत नाहीत. म्हणून वरच्या वर्गात गेले म्हणजे वाचता आले, असे धरून चालू नका. कोणत्या वर्गात काय यावे, हे ठरलेले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' नावाचे काम सुरू केले. त्यात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतचे आकडे, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतचे आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतचे यावेत असे म्हटले आहे. तिसरी संपताना मुलाने एका मिनिटात निदान ६० शब्द वाचावेत, आणि तेही समजून. हे तुम्ही घरी पाहू शकता. मुलाने न वाचलेले पान घ्या, ६० शब्द मोजून खूण करा, घड्याळ ठेवा. वाचून झाले की विचारा, "काय झालं गोष्टीत?" नुसता वेग असून भागत नाही.

आमच्या समोर त्या मुलीने मिनिटात वीस-बावीस शब्द वाचले. बाई काही बोलली नाही. पदराने वही पुसून तिने पिशवीत घातली.

मुकादमाची उचल तर घेतलेली होती. जावे लागणारच. मुलगी बरोबर असली की पाणी आणते, धाकट्याला सांभाळते, म्हणून आई मोळ्या बांधू शकते. नवरा म्हणाला, "पोरगी हितं ठिवली तर धाकट्याला कोण बघंल?" त्याचे चुकत नव्हते. पाच महिन्यांच्या कमाईचा प्रश्न होता.

आम्ही मध्ये पडलो नाही, असे म्हणणे खोटे होईल. आम्ही कायदा सांगितला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला कारखान्याजवळच्या शाळेतही बसता येते. जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून नाव घालायला नाही म्हणता येत नाही. पण बाई म्हणाली, "फडापास्नं शाळा लांब. पोरगी एकटी कशी जाईल?" तेही खरेच.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. मुले गावात आजी-आजोबांजवळ राहतात, आणि शाळेच्या आधाराने त्यांच्या जेवणाची सोय होते. त्यासाठी किती मुले मागे राहणार हे शाळेला वेळेवर कळवावे लागते. बाई शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गेली. या समितीत कायद्याने चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. बाई आजवर तिथे कधी गेली नव्हती. ती वही घेऊन गेली आणि सगळ्यांना दोन तारखा दाखवल्या. वाड्यावरच्या आणखी काही जणी घरी जाऊन आपापल्या पोरांच्या वह्या शोधू लागल्या.

सासूचा गुडघा दुखत होता, तरी ती नातीसाठी गावी राहिली. धाकटा फडावर गेला. त्या साली बाईने मोळ्या कमी बांधल्या. घरात त्यावरून बोलणे झाले, तेही आम्हांला ठाऊक आहे.

संक्रांतीच्या सुमारास गुरुजींनी मुलीच्या वहीच्या एका पानाचा फोटो बापाच्या मोबाईलवर पाठवला. माथ्यावर जानेवारीची तारीख होती. बाईने कोपीत चुलीच्या उजेडात ते पान वाचले, आणि गावी आल्यावर आम्हांला पाठ म्हणून दाखवले:

"आजीचा पाय दुखतो. शेळीला दोन करडे झाली. एक पांढरे आहे. मी रोज शाळेत जाते. आई, तिकडे पानी मिळते का?"

'आहे' लिहिले होते, 'जाते' लिहिले होते. पण 'पानी' तसेच होते. बाई म्हणाली, "म्या गुरुजींस्नी निरोप धाडला, तेवढं पुसू नका म्हून."